पिवळा रंग येत होता, पाणी मात्र बिघडलेलं होतं

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी माझी भाची पूलमधून बाहेर आली ती डोळे चोळतच. "मावशी, डोळे खूप चुरचुरतायत गं." बघितलं तर दोन्ही डोळे लालभडक, मागून तिचा धाकटा भाऊ आला त्याचंही तेच. मी लगेच किट काढलं, नळी भरली, थेंब टाकले, छान पिवळा रंग आला आणि पट्टीवरच्या ३ च्या खुणेशी बरोबर जुळला. क्लोरीन ३ पीपीएम (म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम), पीएच ७.६, म्हणजे सगळं व्यवस्थित. मग मी पोरांनाच सांगितलं की पाण्यात डोळे उघडे ठेवता म्हणून होतं, गॉगल लावत जा. ते बोलणं मला अजून टोचतं, कारण चूक पोरांची नव्हतीच, पाण्याची होती, आणि मी त्या पिवळ्या रंगावर विश्वास ठेवून त्यांना दटावलं.

आमचं घर कर्जतच्या अलीकडे आहे, शनिवार-रविवार जातो, एरवी तिथले दादा बघतात. पूल काही फार मोठा नाही, ८ मीटर बाय ४ मीटर, सरासरी खोली १.३५, म्हणजे ४३ हजार लिटरच्या आसपास पाणी, बोअरचं. पूल बांधून देणाऱ्याने जाताना एक निळा प्लास्टिकचा डबा दिला होता, आत दोन नळ्यांचा ठोकळा आणि दोन बाटल्या, एका बाजूला पिवळ्या छटा आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्यापासून लालपर्यंत. आणि सोबत क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा. "रोज चेक करा, पिवळं दिसलं की झालं," एवढंच ट्रेनिंग. दादा वर्षभर इमानदारीने तेच करत होते, वहीत रोजचे आकडे लिहिलेले आहेत, एक दिवस चुकवलेला नाही.

त्या शनिवारनंतर बुधवारी दादांचा फोन, पाणी हिरवट दिसतंय. मी म्हटलं क्लोरीन किती? तर म्हणे ताई, ३ च आहे.

आता क्लोरीन खरंच ३ असेल तर पाणी हिरवं कशाला होईल? हा प्रश्न मी बाबांना विचारला. बाबा आरोग्य सेवक होते, सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची सगळी नोकरी गेली, गावोगावच्या विहिरी आणि टाक्यांत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकून घेणं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला ओटी टेस्ट करणं हे त्यांनी किती वर्षं केलंय त्याला गणतीच नाही. त्यांच्या क्लोरोस्कोपची, म्हणजे त्या टेस्टच्या किटची, ती छोटी पेटी मी लहानपणी खूप वेळा हातात घेतली आहे. माझ्या पूलच्या किटमधला पिवळा रंग म्हणजे तीच ओटी टेस्ट, ऑर्थोटोलिडिन, हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

बाबांनी फोनवर एकच विचारलं, "रंग कधी बघतेस?" मी म्हटलं कधी म्हणजे, थेंब टाकते, हलवते, सावलीत नेते, चष्मा लावते, मग बघते. ते म्हणाले, मग ते फ्री क्लोरीन नाही. ओटीत पहिल्या १० सेकंदांत जो रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा, आणि १५-२० मिनिटांनी जो दिसतो तो मोकळं आणि अडकलेलं दोन्ही मिळून. मधे कधीतरी बघितलंस तर मधलंच काहीतरी दिसणार.

शनिवारी गेले तेव्हा त्यांना घेऊनच गेले. पूलच्या काठावर बसून मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. थेंब पडला, नळी एकदा उलटी-सुलटी केली, आठ... नऊ... दहा, आणि नळीत होता लिंबू सरबतात भरपूर पाणी घातल्यासारखा फिकट रंग, अर्धासुद्धा नसेल. मग नळी तशीच पांढऱ्या टाइलवर उभी करून ठेवली आणि चहा घेतला. चहा संपेपर्यंत तो रंग हळूहळू गडद होत गेला आणि पंधराव्या मिनिटाला ३ च्या खुणेवर येऊन थांबला. वर्षभर वहीत लिहिलेले सगळे ३ माझ्या डोळ्यांसमोरून गेले.

थोडं समजावून सांगते, कारण किट घेताना हेच माहीत नसतं आणि मग सगळं चुकत जातं. क्लोरीन पाण्यात गेलं की ते घाम, लघवी, त्वचेची घाण, सनस्क्रीन यांच्याशी झुंजतं आणि त्यातल्या अमोनियासारख्या गोष्टींना चिकटून क्लोरामाइन बनतं. हे क्लोरामाइन जंतू मारायच्या कामात मोकळ्या क्लोरीनपेक्षा खूपच कमजोर असतं, पण डोळे चुरचुरणं आणि तो पूलचा म्हणून जो उग्र वास येतो तो त्याचाच. म्हणजे वास जास्त तर क्लोरीन जास्त हा समज उलटा आहे, स्वच्छ पूलला वास जवळपास नसतोच. आणि ओटीचं साधं किट या दोन्हींना एकच पिवळा रंग देतं. ते खोटं बोलत नाही, घड्याळ न लावता बघितलं तर त्याला फरकच कळत नाही.

गावच्या नळपाण्याला ते चालतं, हे बाबांनी आवर्जून सांगितलं आणि मलाही ते पटलं. तिथे प्रश्नच वेगळा असतो, पाण्यात क्लोरीन पोचलंय की नाही, शेवटच्या नळाला ०.२ तरी आहे का. त्या पाण्यात वीस माणसं डुंबून गेलेली नसतात. पूलमध्ये तेच किट वापरलं की अर्धंच उत्तर मिळतं.

मग मी किटांच्या मागे लागले, आणि दोन-तीन महिन्यांत जेवढी मिळाली तेवढी वापरून बघितली, त्यातलं काय कामाचं ते सांगते.

ओटीच्या पुढची पायरी डीपीडी, ही दुसऱ्या रसायनाची टेस्ट. हे इंग्लंडमधल्या पालिन नावाच्या पाणीतज्ज्ञाने १९५७ मध्ये आणलं, आणि आजही पूलच्या पाण्याला हीच पद्धत भरवशाची धरतात. यात रंग गुलाबी येतो. पहिल्या गोळीने किंवा थेंबांनी फक्त फ्री क्लोरीन दिसतं, त्याच नळीत पुढची गोळी टाकली की एकूण, दोन्हींची वजाबाकी केली की अडकलेलं किती ते कळतं. मला हवं होतं ते उत्तर इथे मिळतं. पण याची एक भयंकर गोम आहे जी डब्यावर कुठेही ठळक लिहिलेली नसते, क्लोरीन खूप जास्त असेल, साधारण १० पीपीएमच्या वर, तर गुलाबी रंग क्षणभर येतो आणि लगेच उडून जातो, नळी पाण्यासारखी स्वच्छ. बघणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य, आणि तो अजून ओततो. म्हणून थेंब टाकताना नळीवरून नजर हलवायची नाही, ती गुलाबी चमक दिसते का ते बघायचं.

शेवटी ज्याच्यावर माझा जीव जडला ते थेंब मोजायचं किट, त्याला एफएएस-डीपीडी म्हणतात. टेलर कंपनीचं के-२००६ या प्रकारातलं आहे, इतरही आहेत, आपल्याकडे मागवायला महाग पडतं हे खरंय. पण यात रंगाची छटा जुळवायचीच नसते. १० मिली पाणी, त्यात दोन छोटे चमचे पांढरी पावडर, पाणी गडद गुलाबी होतं, आणि मग एक-एक थेंब टाकत, प्रत्येक थेंबाला नळी हलवत मोजायचं, रंग पूर्ण गेला की थांबायचं. प्रत्येक थेंब ०.५ पीपीएम. रंग आहे किंवा नाही एवढंच बघायचं असल्याने दादांचं उत्तर आणि माझं उत्तर एकच येतं, ट्यूबलाइटमध्येही, चष्म्याशिवायही. पुरुषांत साधारण १२ मागे एकाला रंग ओळखायला अडचण असते, लाल-हिरव्याची जास्त, आणि आपल्याकडे पूल बघणारे बहुतेक पुरुषच असतात, त्यांना पिवळ्याच्या पाच छटा जुळवायला सांगणं किती चुकीचं आहे याचा किट देणारे विचारच करत नाहीत.

त्या हिरव्या पाण्यात मी हे किट पहिल्यांदा वापरलं तेव्हा एका थेंबात रंग गेला. एका थेंबात! फ्री क्लोरीन ०.५. मग अडकलेलं मोजायला किटमधल्या तिसऱ्या बाटलीचे पाच थेंब टाकले, नळी परत गुलाबी झाली, आणि ती स्वच्छ व्हायला पाच थेंब लागले. म्हणजे अडकलेलं २.५. दोन्ही मिळून ३. आमच्या निळ्या डब्याचा ३ असा बनलेला होता.

पण खरा हादरा पुढच्या टेस्टला बसला, आणि ही टेस्ट आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त किटांत नसतेच. सायन्युरिक ॲसिड, सगळे सीवायए म्हणतात. आपण ज्या गोळ्या वापरतो, टीसीसीए ९०, त्यात क्लोरीनबरोबर हे येतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं म्हणून थोडं हवंच, नाहीतर आपल्या मे महिन्याच्या उन्हात सकाळी टाकलेलं दुपारपर्यंत शिल्लक राहत नाही. पण ते उन्हाने उडत नाही, सहज संपत नाही, साठत जातं. गोळ्यांनी १० पीपीएम क्लोरीन घातलं की ६ पीपीएम सीवायए मागे राहतं, आणि वर्षभर रोज गोळ्या टाकल्यावर हिशोब काय होतो तो तुम्हीच करा. जास्त झालं की ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि क्लोरीन असूनही काम करत नाही. घरगुती पूलवाल्यांचा ढोबळ हिशोब असा की सीवायएच्या साडेसात टक्के तरी फ्री क्लोरीन पाहिजे.

टेस्ट अगदी साधी आहे. पूलचं पाणी आणि रिएजंट (टेस्टचं रसायन) समसमान घेऊन हलवायचं, अर्ध्या मिनिटाने ते ताकासारखं गढूळ होतं. मग तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत ते थोडं थोडं ओतत वरून बघत राहायचं, ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. भर दुपारी उन्हाकडे पाठ करून, नळी कमरेजवळ धरून करायचं म्हणजे दर वेळी उजेड सारखा राहतो. माझा ठिपका १०० च्या खुणेच्याही आधी गायब झाला, म्हणजे नळीच्या मापाबाहेर. मग बाटलीबंद पाणी निम्मं घालून परत केलं, ७० आलं, दुप्पट केलं तर १४०. १४० ला साडेसात टक्के म्हणजे साडेदहा पीपीएम क्लोरीन हवं आणि आमच्याकडे होतं अर्धा. आणि दादा बिचारे हिरवं दिसलं म्हणून रोज अजून एक गोळी टाकत होते.

यावर भरवशाचं औषध नाही, पाणी बदलणं हाच खरा उपाय. मे महिन्यात, आजूबाजूच्या वाड्यांवर टँकर येत असताना जवळजवळ २९ हजार लिटर पाणी काढायचं ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. ते वाया जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. तीन दिवस पाण्यात काहीही टाकलं नाही, उन्हाने क्लोरीन उडू दिलं, आणि इथे तो निळा डबा उपयोगी पडला, नळीत पिवळेपणा अजिबात दिसेना तेव्हा दादांनी पाइप लावून ते पाणी लॉनला आणि कुंपणाच्या झाडांना दिलं. (पावसाळ्यात पूल असा रिकामा करू नका, जमिनीतलं पाणी वर येतं आणि खालून दाब बसून टाकी उचलली जाऊ शकते किंवा तडकते.) बोअरने भरलं, सीवायए ५० च्या आत आलं. मग गोळ्या बंद आणि लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन) चालू. ४३ हजार लिटरला १ पीपीएम म्हणजे ४३ ग्रॅम क्लोरीन, १० टक्क्यांच्या हायपोचं ४३० मिली. हिरवं शेवाळ मारायला २० पर्यंत न्यायचं होतं, साडेआठ लिटर लागलं, तेही ताजं, कारण उन्हात ठेवलेल्या कॅनची ताकद निघून जाते आणि लेबलवर १० टक्के तसंच राहतं.

त्या दिवशी अजून एक प्रकार झाला. क्लोरीन २० ला असताना दादांनी सवयीने पीएच बघितला तर नळी जांभळी, पट्टीवर तो रंगच नाही. ते ॲसिडचा कॅन घेऊन निघाले होते, मी धावत जाऊन थांबवलं. फिनॉल रेड हे पीएचचं जे लाल रिएजंट असतं ते जास्त क्लोरीनमध्ये बिघडतं आणि पीएच आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. क्लोरीन १० च्या खाली आल्यावरच पीएच बघायचा. दुसरं म्हणजे फिनॉल रेड ६.८ च्या खाली पिवळंच राहतं आणि ८.२ च्या वर लालच, म्हणजे टोकाचा रंग आला तर तो आकडा नसतो, तो "याच्या पलीकडे कुठेतरी" असतो. आणि पीएच हा काही नुसता जाता जाता बघायचा आकडा नाही, ७.५ ला फ्री क्लोरीनमधलं निम्मं जोरदार रूपात असतं, ८ ला पाव भागाच्या आसपास. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी पूलला ७.० ते ७.८ सांगते, आणि फ्री क्लोरीन किमान १, सीवायए वापरत असाल तर किमान २.

स्ट्रिप्सबद्दल, म्हणजे पाण्यात बुडवायच्या टेस्टच्या पट्ट्यांबद्दल, लोक खूप विचारतात. पंधरा सेकंदांत पाच-सहा आकडे, दिसायला छान. पण त्यात क्लोरीनच्या पायऱ्या ०, १, ३, ५, १० अशा असतात, १ आणि ३ च्या मधलं तुम्ही अंदाजाने ठरवणार, आणि नेमकं तिथेच ठरवायचं असतं. हार्डनेसचा (पाण्याच्या जडपणाचा) चौकोन बहुतेकांत एकूण हार्डनेस दाखवतो, टाइल्सवर जे पांढरं साचतं त्यासाठी कॅल्शियमचा आकडा हवा असतो. आणि कोकणपट्टीतला पावसाळा! माझा डबा जूनमध्ये ओल्या हाताने उघडला गेला, ऑगस्टमध्ये नवी कोरी स्ट्रिप काढली तर न बुडवताच चौकोन रंग बदललेले. प्रवासात हॉटेलच्या पूलमध्ये उतरायच्या आधी एक नजर टाकायला ठीक, घरच्या पाण्यात काय टाकायचं ते यावरून ठरवू नका.

डिजिटल पीएच पेन वाईट नाही, पण ४.०१ आणि ६.८६ ची बफर पावडर (ठरलेल्या पीएचचं पाणी बनवून पेन तपासायला) बॉक्समध्ये येते ती वापरायचीच असते, आणि टोक कोरडं ठेवलं की आकडे भरकटतात. दर महिन्याला कॅलिब्रेट करणार असाल तरच घ्या. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, मात्र कृपा करून पूलवर आणू नका. आरओवाल्यांमुळे प्रत्येकाकडे ते असतं आणि "टीडीएस ४०० आहे, पाणी मस्त आहे" असं लोक छातीठोक सांगतात, पण त्याचा क्लोरीनशी काही संबंध नाही, मीठ विरघळलं तरी आकडा वाढतो.

आता किट चांगलं की वाईट हे घरी कसं ओळखायचं, ही बाबांनी शिकवलेली युक्ती आहे आणि मला ती फार आवडते. पूलचं पाणी टेस्ट करा, आकडा लिहा. मग तेच पाणी आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं मिसळून लगेच परत टेस्ट करा. आकडा निम्मा यायला पाहिजे. थेंबवाल्या किटने ८ थेंबांचे ४ झाले. स्ट्रिपने दोन्ही वेळा ३ दाखवलं. आणि डीपीडीमध्ये पाणी घातल्यावर आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढला तर समजा मघाशी रंग उडाला होता, क्लोरीन बेसुमार आहे. याला एक पैसा लागत नाही.

घेताना मी आधी बाटलीवर तारीख आणि बॅच नंबर आहे का बघते. आमच्या त्या निळ्या डब्यातल्या बाटल्यांवर काहीच नव्हतं, आणि एका दुकानातून नंतर रिफिल घेतलं त्यावर तारखेचा स्टिकर दुसऱ्या स्टिकरवर चिकटवलेला, ते मी परत केलं. रिएजंट साधारण वर्षभर चांगलं राहतं, तेही सावलीत, थंड जागी. आपल्याकडे किट ठेवतात कुठे, तर पंपरूममध्ये, क्लोरीन आणि ॲसिडच्या कॅनच्या शेजारी, पत्र्याखाली, जिथे मे महिन्यात हात लावला तर बाटली गरम लागते. महागातलं महाग किटसुद्धा तिथे मरतं. आमचं आता स्वयंपाकघराच्या मागच्या फडताळात आहे. झाकणं अदलाबदल करायची नाहीत, थेंब टाकताना बाटली सरळ उभी धरायची, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. पाणी कोपरभर खोलवरून घ्यायचं, वरचं नाही आणि जिथून पाणी आत येतं तिथलंही नाही. ओटी टेस्ट केलेलं पाणी पूलमध्ये परत ओतायचं नाही, ते रसायन अंगाला चांगलं नाही.

अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा गुण) आणि कॅल्शियम महिन्यातून एकदा बघते, त्यातही थेंबच मोजायचे असतात, हिरव्याचं लाल आणि लालचं निळं होईपर्यंत. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आधीच भरपूर असतं म्हणून टीसीएल पावडर पूलमध्ये वापरत नाही, तिने ते अजून वाढतं.

पावसाने पूल कितीतरी वेळा भरून वाहिला, सप्टेंबरअखेर सीवायए ४० वर आलं. दादांच्या वहीत आता एका आकड्याऐवजी दोन रकाने आहेत, फ्री आणि कंबाइंड (म्हणजे अडकलेलं), रेघा बाबांनी आखून दिल्यात.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली, कपडे बदलून काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी आधी थेंब मी मोजणार." मी तिच्या हातात नळी दिली. पाणी गुलाबी झालं, तिने बाटली अगदी सरळ धरली आणि मोठ्याने मोजायला लागली, आठव्या थेंबाला रंग गेला. मग तिसऱ्या बाटलीचे पाच थेंब टाकून नळी हलवली आणि डोळ्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिली. परत गुलाबी झालं नाही. "जाऊ?" म्हणाली. म्हटलं जा.